कृष्णेवर ऑक्टोबरच्या वाऱ्यात विंडसर्फिंग: होतं, पण कुठं आणि कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीमुळे तुम्ही सांगलीला राहायला आलात. गोव्यात विंडसर्फिंगचा प्राथमिक कोर्स झालाय, शीड उचलून सरळ जाता येतं, पण वळताना पडायला होतं. वजन ७५ किलो. दिवाळीच्या आगेमागे कृष्णेवर पुरेसा वारा मिळेल का, कुठं उतरावं, साहित्य कोणतं घ्यावं आणि मित्र स्वस्तात देतोय तो फॉईलचा बोर्ड (पाण्याखालच्या पंखावर वर उचलून पळणारा) घ्यावा का, हे तुम्हाला हवंय.

आधी उत्तर, मग कारणं. नदीवर विंडसर्फिंग होतं. पण तुमच्या आत्ताच्या तयारीवर सांगलीच्या पात्रात उतरा असं मी सांगणार नाही. हा हंगाम वाईजवळच्या धोम किंवा साताऱ्याजवळच्या कण्हेर धरणाच्या पाण्यावर काढा, वळणं पक्की करा आणि मग नदीचं बघू. वाऱ्यामुळे नव्हे, पाण्यामुळे असं म्हणतोय.

तरी सुरुवात वाऱ्यापासूनच करतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. साताऱ्याकडच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या बघून माणसाला वाटतं, या मुलखात वाऱ्याला काय तोटा! ती पठारं समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहेत आणि त्या चक्क्यांची खरी कमाई पावसाळ्यात, नैऋत्येच्या वाऱ्यावर होते. ऑक्टोबर लागला की त्या सुस्तावतात. म्हणजे वारा असतो तेव्हा नदी पुराची असते आणि नदी माणसात येते तेव्हा वारा पडलेला असतो. आपल्याकडच्या नदीवरच्या विंडसर्फिंगची मुख्य अडचण हीच. दोन्हीचा हंगाम जुळत नाही, मधली फट शोधावी लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारे दोन प्रकारचे. एक कामाचा, एक घातकी.

कामाचा वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. पाऊस माघारी गेला, आकाश निवळलं की तो सुरू होतो. सकाळी पात्रावर धुकं असतं आणि पाण्यावर सुरकुतीसुद्धा नसते, तेव्हा पहाटे उठून जाण्यात काही अर्थ नाही. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसलेली असते आणि वरचा वारा तिच्या अंगावरून निघून जातो. दहा-अकराला ऊन लागलं, जमीन तापली, की हवा ढवळली जाते आणि तो वारा खाली उतरतो. बारा ते चार ही तुमची वेळ. चांगल्या दिवशी मोकळ्यावर आठ ते दहा नॉट्स मिळतात (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). सूर्य कलला की वारा पडतो, आणि तो हळूहळू पडत नाही. साडेपाचला पात्राच्या मध्यात असाल तर हातानं वल्हवत परत यायचं.

या वाऱ्यात बोर्ड पाण्यावरून उचलून पळत नाही. त्यासाठी मोठं शीड असलं तरी बारा नॉट्सच्या पुढे वारा लागतो. वेगाचं वेड असेल तर एप्रिल-मे बघा, तेव्हा संध्याकाळचा पश्चिमेचा वारा घाट ओलांडून आत येतो आणि दांडगा असतो. शरदातला वारा शिकण्याचा आहे. तुम्ही वळताना पडता, म्हणजे तुम्हाला हवाय तो हाच.

घातकी वारा परतीच्या पावसाचा. हस्त आणि चित्रा नक्षत्रांत दुपारपर्यंत कुंद उकाडा, आणि पूर्वेला किंवा आग्नेयेला ढगांचे मनोरे चढायला लागतात. आपल्याकडे हे ढग बहुतेक वेळा पूर्वेकडून पश्चिमेला सरकतात. ढग फुटला की त्यातली गार हवा खाली आदळते आणि चारी बाजूंना पसरते. पाऊस तुमच्यापासून अजून काही किलोमीटर लांब असतो, पण ही हवा त्याच्या पुढं धावत येते. पाच-सहा नॉट्सचा वारा बघता बघता पंचवीस-तीसवर जातो. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. सहाचे चोवीस नॉट्स झाले तर जोर चौपट नाही, सोळापट होतो. त्यात हातातलं शीड सोडून देण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

म्हणून अडीच-तीनच्या सुमारास वारा एकदम मेला, उकाडा वाढला आणि पूर्वेला काळोख दिसला, तर "आता येईल वारा" म्हणत पाण्यात थांबू नका. येतो खरा, पण तो तुमच्या उपयोगाचा नसतो. गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेरच. कार्बनच्या मास्टमधून (शिडाच्या उभ्या काठीतून) वीज वाहते आणि सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमच्याच हातात असते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप फोनवर ठेवा, ते आसपासच्या विजांची सूचना देतं.

वाऱ्याच्या इतर ॲपचं मात्र एवढं मनावर घेऊ नका. ते सांगतात तो मोकळ्या रानातला, जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा वारा. कृष्णेचं पात्र खोल आहे. दिवाळीत पाणी खाली गेलेलं असतं, काठ उंच, काठावर झाडी आणि झाडीमागं पुरुषभर उंचीच्या वर गेलेला ऊस. अडथळ्याच्या उंचीच्या सात ते दहा पट अंतरापर्यंत वारा आडोशाला असतो. काठ आणि झाडी मिळून पंधरा मीटर धरली तर शंभर ते दीडशे मीटर. म्हणजे पूर्वेच्या वाऱ्यात, उत्तर-दक्षिण वाहणाऱ्या पट्ट्यात, जवळजवळ सगळी नदीच आडोशाला. वारा येतो तो झाडांच्या फटीतून, तुकड्या-तुकड्यानं आणि दर वेळी वेगळ्या दिशेनं. ॲपवर दहा दिसले तर पाण्यावर सहा धरा.

मग पट्टा कसा शोधायचा? उपग्रहाच्या नकाशावर वळणं बघा. नदी जिथं पूर्व-पश्चिम किंवा ईशान्य-नैर्ऋत्य अंगाला सरळ वाहते, जिथं पूर्वेचा काठ उतरता आहे, तिथं वारा पात्रातून लांबीनं येतो. मग प्रत्यक्ष जाऊन दुपारी तासभर नुसतं बसा. देवळावरचा झेंडा, उसाचा तुरा, वीटभट्टीचा किंवा पाचट पेटवल्याचा धूर, साखर कारखान्याचं धुराडं हे सगळे फुकटचे वारादर्शक. धुराडं पूर्वेचा वारा दाखवतंय आणि पाण्यावरची सुरकुती दक्षिणेकडून येतेय, तर तो पट्टा तुमच्या कामाचा नाही. आणखी एक सांगतो. तोडी सुरू झाल्यावर तोच पट्टा बदलतो. काठचा ऊस गेला की नोव्हेंबरअखेर तिथं पाण्यावर वारा उतरतो, जिथं ऑक्टोबरात पान हलत नव्हतं. त्यामुळे मागच्या वर्षीच्या कुणाच्या अनुभवावर जाऊ नका, यंदा रान उभं आहे की मोकळं ते बघा.

आता पाण्याचा प्रवाह. समुद्रावर आणि तलावावर शिकलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समजा वारा सहा नॉट्स आहे आणि पाणी दीड नॉटनं वाहतंय. वारा प्रवाहाच्या विरुद्ध असेल तर पाण्यावर तरंगणाऱ्या बोर्डाला तो साडेसात नॉट्सचा लागतो. प्रवाहाच्याच दिशेनं असेल तर साडेचारचा. जोर वर्गानं वाढतो, तेव्हा या दोन्हींत पावणेतीन पटीच्या आसपास फरक पडला. वारा तोच, नदी तीच, पण एका दिवशी शीड भरतं आणि दुसऱ्या दिवशी लोंबतं.

फरक फक्त मजेचा नाही. विरुद्ध वारा असला की तुम्ही वाऱ्याबरोबर प्रवाहाच्या वर जाता. वारा मेला तर पाणी तुम्हाला निघाल्या जागी आणून सोडतं. वारा आणि पाणी एकाच दिशेला असले तर मात्र दोघं मिळून तुम्हाला खाली नेतात, आणि खाली बंधारा असतो. त्या दिवशी नदीवर जायचंच नाही. आणि कुठल्याही दिवशी पहिली फेरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला.

नदी आडवी कापतानाही समोरच्या घाटावर नजर लावून निघालात की शंभर पावलं खाली जाऊन लागणार. पूर्वी आपल्याकडं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून लोक कृष्णा ओलांडायचे. ते लोक आधी काठाकाठानं बरंच वर जायचे आणि मग पात्रात घालायचे. बोर्डानंही तेच करायचं, नाक सतत प्रवाहाकडे थोडं चढतं ठेवून. त्यामुळे नदीवर वाऱ्याच्या तोंडावर चढता येणं (वारा येतो त्या बाजूला तिरकं पुढं सरकणं) आणि न पडता वळता येणं, या दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. समुद्रावर दोनशे मीटर सरळ जाऊन एकदा वळलं तरी चालतं. इथं चाळीस-पन्नास मीटरला काठ येतो.

बंधाऱ्यांविषयी. पावसाळ्याआधी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढतात आणि पाऊस संपल्यावर परत घालतात. बरगे पडले की मागं पाणी तुंबतं, प्रवाह मंदावतो, पात्र तलावासारखं होतं. विंडसर्फिंगला तोच काळ बरा. बरगे पडण्याआधी पाणी ओढतं, आणि बरगे घालायच्या दिवसांत पातळी वरखाली होते. सांगली आणि म्हैसाळ, दोन्ही बंधाऱ्यांच्या मागचं पाणी दिसायला फार मोहक आहे. पण बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि तरंगणारी वस्तू तिथंच घोळवत ठेवतं, लाईफ जॅकेट असलं तरी. वरच्या बाजूला अर्धा किलोमीटर ही माझी लक्ष्मणरेषा.

कोयनेवर लक्ष ठेवा. कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. ऑक्टोबरात धरण भरलेलं असताना परतीचा पाऊस तिकडे झाला, तर सांगलीत लख्ख ऊन असूनही पाणी वाढतं. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडणं ही नेहमीची बाब, दरवाजे उघडणं ही वेगळी. विसर्गाच्या सूचना जाहीर होतात, त्या वाचायच्या. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी वाचायची सवय तर सांगलीकराला असतेच, तुम्हालाही लागेल. तिथं ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. त्या पुरानं आणलेली झाडं आणि तारा अजून कुठं कुठं तळाशी रुतलेल्या आहेत. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्यानं तुम्हाला शीड घेऊन उतरताना बघून शिव्या घातल्या तर मनाला लावून घेऊ नका, त्याचं ऐका.

आणि मगरी. भिलवडी, औदुंबर, आमणापूर, डिग्रज या पट्ट्यात त्या आहेत आणि ही काही अफवा नाही, नदीत उतरलेल्या माणसांवर हल्ले झालेत. थंडी पडायला लागली की ऊन खायला त्या दुपारी मळीवर, वाळूवर येऊन पडतात, म्हणजे तुमच्याच वेळेला. बोर्डावर उभा असलेला माणूस आणि पाण्यात हातपाय मारणारा माणूस यांत फरक आहे. शिकाऊ माणूस दुपारभरात किती वेळा पाण्यात पडतो ते तुम्हाला माहीत आहे. मी नाही म्हणालो ते मुख्यतः याच्यासाठी. मगर दिसली म्हणून दगड मारणं, जवळ जाऊन फोटो काढणं तर अजिबात नको. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ती आहे, आणि नदी आधी तिची.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. केंदाळ फिनला (बोर्डाखालच्या मागच्या पात्याला) अडकतं, म्हणून मागं झुकलेली तिरकी फिन वापरा, गवत तिच्यावरून घसरतं. जॅकवेल आणि शेतीच्या मोटारींचे पाईप, दोर, विजेच्या केबली काठालगत असतात. तिथून वीस-तीस मीटर लांब राहा आणि पाण्यात लोंबणाऱ्या वायरीला हात लावू नका. मासेमाऱ्यांची जाळी संध्याकाळी पडतात. शहराजवळ सांडपाण्याच्या शेरी नाल्याच्या खाली पाण्यात पडायचं नाही, आणि अंगावर जखम असताना कुठंच नाही. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि बुडालेल्या पायरीवर फिन आपटते, तेव्हा गुडघाभर पाण्यात जाऊनच बोर्ड सोडा. पायात बूट हवेतच. पुराच्या गाळात बाभळीचे काटे आणि काचा असतात.

तर कुठं जायचं? धोम मला पहिल्या पसंतीचं. वाईच्या वर दोन डोंगररांगांच्या मधे ते पाणी लांबट पसरलंय. दिवसा ऊन लागलं की खोऱ्यातली हवा डोंगरांकडे वर चढते, पूर्वेचा वाराही त्याच अंगानं येतो, त्यामुळे दोघं एकमेकांना हात देतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरण भरलेलं असतं, काठापर्यंत पाणी, चिखल कमी. उन्हाळ्यात हेच पाणी मागं हटतं आणि गुडघाभर गाळातून बोर्ड वाहून न्यावा लागतो. कण्हेर साताऱ्याला जवळ आहे, एका दिवसात जाऊन येण्यासारखं. कोयनेचा शिवसागर विस्तीर्ण आहे, तापोळा-बामणोलीकडे मोटरबोटी चालतात आणि मुनावळ्याला शासनाचं जलपर्यटन केंद्र आहे. पण एकट्या शिकाऊ माणसानं तिथल्या दूरच्या फाट्यात शिरू नये. मदत यायला वेळ लागतो, फोनला रेंज असेलच असं नाही. कुठल्याही धरणाच्या पाण्यात जलसंपदा विभागाच्या कार्यालयात विचारून, परवानगी घेऊनच उतरा. कासच्या तलावाचं कुणीतरी दरवर्षी विचारतं. तो साताऱ्याच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, विषय संपला.

साहित्याचं गणित सोपं. एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन तोलतं. तुम्ही ७५, बोर्ड आणि शीड-मास्ट-बूम (बूम म्हणजे हातात धरायची आडवी दांडी) मिळून वीसेक किलो, म्हणजे ९५ लिटर तर नुसतं तरंगायलाच गेले. हलक्या वाऱ्यात स्थिर उभं राहायला त्याच्यावर साधारण तेवढीच शिल्लक हवी. तेव्हा १८० ते २०० लिटरचा, रुंद आणि मधे खाली सरकवायची सुरी असलेला बोर्ड. ही सुरी महत्त्वाची. आपल्याकडच्या मंद वाऱ्यात तिच्याशिवाय वाऱ्याच्या तोंडावर चढता येत नाही, बोर्ड नुसता आडवा घसरत जातो. शीड ५.५ चौरस मीटरचं घ्या. कोर्समध्ये याहून लहान दिलं असेल, पण आठ नॉट्समध्ये लहान शीड काही कामाचं नाही. साडेसातचं मोठं नंतर. पाण्यातून उचलतानाच पाठ जाते. लाईफ जॅकेट छातीशी घट्ट, हात मोकळे राहतील असं. बोर्ड आणि शीड एकमेकांना पट्ट्यानं बांधा, पण बोर्ड स्वतःच्या पायाला बांधू नका. वाहत्या पाण्यात तो दोर फांदीला अडकला तर सोडवता येत नाही.

धोमला गेल्यावर काय करायचं ते ठरवून जा. सरळ लांब जाऊ नका, छोट्या अंतरात वळा. शीड मागं कलवलं की नाक वाऱ्याकडे येतं, ते पूर्ण वाऱ्याच्या तोंडावर आलं की छोट्या पावलांनी मास्टपुढून पलीकडे, आणि मग शीड पुढं कलवून नाक खाली. तुम्ही पडत असाल ते बहुधा लवकर घाई केल्यामुळे. नाक अजून वाऱ्यावर आलेलं नसतं, आणि पाय आधीच हललेले असतात. शिवाय नजर पायांवर असते, ती जिथं जायचं त्या काठावर ठेवा. सलग वीस वळणं न पडता झाली की मला कळवा. त्यानंतरही नदीवर पहिले काही दिवस पाण्यात एक नाव आणि काठावर एक माणूस हवाच. गावात विचारा, पुरात बोट चालवलेली पोरं नदीकाठच्या गावांत मिळतात. त्यांना आधी ठरवून मोबदला द्या. मदत हवी असेल तर बोर्डावर बसून दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वरखाली करायचे, हा जगभर चालणारा इशारा त्यांनाही सांगून ठेवा. काही मोडलं तर बोर्ड सोडून पोहायचं नाही. शीड बोर्डाच्या मागच्या भागावर आडवं टाका, पालथं पडा आणि तिरकं वल्हवत काठ गाठा. बंधाऱ्याकडे वाहायला लागलात तर मास्टचा खालचा जोड उपटून शीड सोडून द्या, त्याची किंमत तेव्हा बघायची नाही.

राहिला मित्राचा फॉईलचा बोर्ड. मोह कळतो. फॉईल आठेक नॉट्समध्येसुद्धा उचलतं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला विंडसर्फिंग फॉईलवरच झालं, आणि आपल्या ऑक्टोबरच्या वाऱ्याला ते कागदावर अगदी जुळतं. पण त्याचा दांडा पाण्याखाली जवळजवळ मीटरभर असतो. नदीत बुडालेली झाडं, जाळी, केंदाळ, आणि तुम्ही वेगात. पुढच्या पंखाची धार अंगाला लागली तर टाके पडतात. नदीवर फॉईल नकोच, धरणावर पुढच्या वर्षी. तरी स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचाच असेल, तर त्यात साधी फिन बसते का ते विचारा, काही बोर्डांत दोन्ही बसतात. आकारमान बोर्डवर छापलेलं असतं, दीडशे लिटरच्या खाली असेल तर सोडून द्या. आणि पैसे देण्याआधी बोर्ड तासभर उन्हात ठेवून फिनच्या खाचेभोवती आणि मास्टच्या खोबणीभोवती अंगठ्यानं दाबून बघा. भेगेतून बुडबुडा किंवा पाण्याचा थेंब बाहेर आला तर आतला फोम भिजलेला आहे, आणि तो बोर्ड फुकटातही महागच पडतो.